रात्र निगेटिव्हमध्ये नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रंगीत चित्रपटांच्या पुनरुज्जीवनावर पानभर लेख आला होता. ‘काल चित्रित केल्यासारखा टवटवीत’ असं त्यात दोनदा म्हटलंय. लेख चांगला आहे. फोटोही छान आहेत, डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. त्या उजवीकडच्या फोटोंबद्दल मला थोडं बोलायचंय. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा. कात्रीचं मला वाईट वाटत नाही, जन्मभर मी तीच चालवली.

मी मुंबईतल्या एका कलर लॅबमध्ये निगेटिव्ह कटर होते. १९७३ साली, एकोणिसाव्या वर्षी लागले आणि २००९ साली निवृत्त झाले. एडिटरनं रश प्रिंटवर, म्हणजे कामापुरत्या काढलेल्या कच्च्या प्रिंटवर, चित्रपट जुळवून दिला की त्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापून जोडायची, हे आमचं काम. हातात पांढरे सुती मोजे घालायचे, काठावरचे नंबर जुळवायचे आणि कात्री एकदाच चालवायची. प्रिंट फाटली तर दुसरी काढता येते, निगेटिव्ह जगात एकच. सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाचा, जॉइंट मारताना शेजारच्या चौकटीचा (फ्रेमचा) घास जातोच, त्यामुळे चुकीच्या जागी कापलेलं पुन्हा होतं तसं जोडता येत नाही. पहिली दोन वर्षं मला झोपेतसुद्धा काठावरचे नंबर दिसायचे.

आमचे हे त्याच लॅबमध्ये ग्रेडर, म्हणजे प्रिंट काढताना प्रत्येक शॉटचा उजेड आणि रंग ठरवणारे. ओळख तिथलीच, लग्नही त्यातूनच. निगेटिव्ह मोठी की ग्रेडिंग, हा आमच्या घरातला जन्माचा वाद. मी म्हणायचे, निगेटिव्ह आहे म्हणून चित्रपट आहे. हे म्हणायचे, ‘तू तांदूळ सांभाळतेस, भात मी करतो.’ मला ते कधी पटलं नाही. मागच्या दिवाळीत पटलं.

नातवानं टीव्हीवर एक मराठी चित्रपट लावून दिला. त्याचं नाव सांगत नाही, कुणाला चारचौघांत दोष द्यायचा नाही, आणि त्याच कारणानं माझंही नाव छापू नका. सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा, तमाशाच्या पार्श्वभूमीवरचा, रंगीत. निगेटिव्ह मी कापलेली, ग्रेडिंग ह्यांचं. सुरुवातीलाच पाटी आली, मूळ निगेटिव्हवरून फोर केमध्ये पुनरुज्जीवित. मी चष्मा पुसून सरसावून बसले. मध्यंतराच्या जरा आधी नायिका रात्री फड सोडून निघते, शेताच्या बांधावरून, हातात कंदील. पडद्यावर बघते तर लख्ख दुपार! पायाशी एवढीशी सावली, मागे निळंभोर आभाळ, बाभळीखाली एक कुत्रं ऊन चुकवून झोपलेलं (ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं), आणि ही बाई पेटता कंदील पुढे धरून चाचपडत चाललीये. त्यात वाटेत भेटलेला म्हातारा तिला विचारतो, ‘एवढ्या काळोखाची कुठं निघालीस पोरी?’ नातू हसून हसून लोळला. म्हणाला, ‘आजी, हिला मोतीबिंदू झालाय का?’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधावर जनरेटर आणि दिवे नेऊन खरी रात्र उजळवायची म्हणजे त्या काळच्या मराठी निर्मात्याचं दिवाळंच. म्हणून शूटिंग दिवसाच उरकायचं आणि कॅमेऱ्याच्या रिपोर्ट शीटवर लिहायचं, ‘नाइट इफेक्ट’. शहाणा कॅमेरामन निदान आभाळ टाळतो, ऊन पाठीमागून घेतो, एक्स्पोजर थोडं खाली ठेवतो. घाईतला कॅमेरामन तेही करत नाही. पुढची रात्र लॅबमध्ये व्हायची.

कशी व्हायची? प्रिंटिंग मशीनमध्ये निगेटिव्हमधून कोऱ्या फिल्मवर तीन उजेड पडतात, लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक उजेड किती सोडायचा ह्याचा आकडा असतो, पन्नासपर्यंत. प्रत्येक शॉटचे तीन आकडे. ते कागदी पट्टीवर भोकं पाडून नोंदवायचे, पट्टी मशीनला लावायची, की शॉट बदलला की उजेड आपोआप बदलतो. हजारभर शॉटचा चित्रपट असला तर तीन हजार आकडे, आणि त्यातला प्रत्येक माणसानं डोळ्यांनी ठरवलेला. सगळं उलटं चालतं, ही त्यातली गंमत. लाल उजेड वाढवला की प्रिंटमधला लाल कमी होतो. तिन्ही वाढवले की प्रिंट काळवंडते. लग्नानंतर कित्येक वर्षं हे भाजीवाल्याकडे टोमॅटो बघत उभे राहिले की मला वाटायचं, आता आकडे सांगतात की काय.

ह्यांच्या वह्या मी टाकल्या नाहीत. अकरा आहेत, लांबट, लाल पाठीच्या, किराणा दुकानात असायच्या तशा. दिवाळीच्या रात्रीच मी ट्रंक उघडली. त्या चित्रपटाची वही सापडली, रीळ सहा. फडाबाहेरचा संध्याकाळचा शॉट, २६-२८-२५. त्याच्या पुढचाच बांधावरचा शॉट, ४१-३९-३१. आकडे वाढवून सगळंच खाली, म्हणजे काळोखाकडे नेलंय, पण निळा मागे धरलाय, म्हणजे काळोखाला निळसर छटा येईल. समासात शिसपेन्सिलीनं लिहिलंय, ‘रात्र अजून खाली. कंदील मरू देऊ नये.’ त्याखाली दुसऱ्या शाईत, ‘दुसरी कॉपी, कॅमेरामन ओके.’

आता संगणकापुढे बसलेल्या पोरांना हे कळणार कुठून? त्यांच्याकडे निगेटिव्ह आली. त्यांनी ती नीट धुतली, जॉइंट तपासले, स्कॅन केली. निगेटिव्हवर दुपारच आहे. त्यांनी ती छान दुपार करून दाखवली. निगेटिव्हमध्ये ही रात्र आहे असं फक्त क्लॅपच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक शॉटच्या आधीची ती पाटी मी स्वतःच्या हातानं कापून काढली. माझं कामच होतं ते. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, नाहीतर त्या रात्री मला फार ऐकून घ्यावं लागलं असतं.

कुणी म्हणेल, मग वहीतले आकडे संगणकात घाला की झालं. तसं नसतं. ते आकडे त्या मशीनचे, त्या दिवशीच्या केमिकलचे आणि त्या जातीच्या फिल्मचे. आमच्याच लॅबमधल्या दुसऱ्या मशीनवर ते तसेच चालायचे नाहीत, रोज सकाळी चाचणीची पट्टी काढून मशीन जुळवावं लागे. पण ह्या शॉटपेक्षा तो शॉट किती पायऱ्या खाली, कुणाला निळा दिला, कुणाला उबदार ठेवला, हे नातं वहीत आहे आणि ते आजही कामाचं आहे. वही नसेल तर जुनी प्रिंट. प्रिंटही नसेल तर निगेटिव्हवरून काढलेली इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे पुढच्या निगेटिव्ह काढण्यासाठीची मधली प्रत, कारण ती बहुधा ग्रेडिंग करूनच काढतात. हे काहीच नसेल तर माणसं, तीही फार उरलेली नाहीत.

रंग पुष्कळसा लॅबमध्ये उतरतो, हे आपल्या लोकांना खरं तर १९३३ सालीच कळलं होतं. कोल्हापूरच्या प्रभातनं ‘सैरंध्री’ रंगीत करायची म्हणून तिच्या प्रिंट जर्मनीत काढवून आणल्या. शांतारामबापूंनी त्यात जीव ओतला होता, पण पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. कॅमेऱ्यापुढे काय होतं आणि लोकांपुढे काय आलं, ह्यातलं अंतर तेव्हापासूनचं आहे.

प्रिंटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या लेखात ‘गुलाबी पडलेल्या निरुपयोगी प्रिंट’ असे शब्द आहेत. ईस्टमनकलर जातीच्या जुन्या प्रिंटमधला निळसर आणि पिवळा रंग आधी उडतो, किरमिजी मागे उरतो. म्हणून सगळं गुलाबी-लाल दिसतं. परदेशात ह्यावर मोठी ओरड झाली. १९८० साली मार्टिन स्कॉर्सेसी ह्यांनी मोहीमच काढली, आणि त्यानंतर काही वर्षांत कमी उडणाऱ्या रंगाची प्रिंट फिल्म बाजारात आली. त्याआधीची टेक्निकलरची प्रिंट वेगळ्याच पद्धतीची, रंग छाप्यासारखे एकावर एक उतरवलेले, त्यामुळे ते टिकतात. सोहराब मोदींची १९५३ सालची ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरमध्ये होती. ह्यांनी तसल्या एका प्रिंटचं एक रीळ कुठेतरी पाहिलं होतं, तर आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

पण गुलाबी प्रिंट निरुपयोगी नसते. तिच्यात रंग नसेल, उजेड-काळोख असतो. बांधावरचा तो शॉट कितीही गुलाबी पडला असता तरी काळोखीच राहिला असता. कुणीतरी तालुक्याच्या गावातली एक फुटकी-तुटकी कॉपी आणून शेजारी लावून बघितली असती तर त्या बाईवर भर उन्हात कंदील धरायची वेळ आली नसती.

लॅब बंद पडायला लागल्या तेव्हा हेच आधी फेकलं गेलं. निगेटिव्हचे डबे निदान ‘मूळ’ म्हणून कोपऱ्यात राहिले. आमच्या स्टोअरमध्ये भाडं थकलेल्या निर्मात्यांचे डबे छतापर्यंत होते, आणि मुंबईची हवा तुम्हाला माहीतच आहे. डबा उघडला की नाकात व्हिनेगर. अॅसिटेटची फिल्म दमट उष्ण हवेत कुजायला लागली की आम्ल सुटतं, ते आम्ल आणखी कुजवतं, फिल्म आक्रसते, वळते, एकमेकींना चिकटते. एका डब्याचा वास शेजारच्या डब्याला लागतो. काळ्या-पांढऱ्या प्रिंटना निदान चांदीसाठी गिऱ्हाईक होतं. रंगीत प्रिंटमधली चांदी धुण्यातच निघून जाते, त्यामुळे त्या कचऱ्याच्या भावानं गेल्या. त्यात आमची ती कॉपीही गेली असणार.

रात्रीची दुपार झाली एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. त्याच चित्रपटात एक लावणी आहे. चित्रपट त्या काळच्या चौकोनी चौकटीतला, आजचा टीव्ही आडवा. पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापलंय. चौकोनाचा असा आडवा पट्टा केला की उंचीचा चौथा हिस्सा जातो. इथे तो पायांचा गेला. घुंगरांचा आवाज येतोय, तोही आता चार दिशांनी येतोय, आणि पाय नाहीत. लावणीत पाय कापले! कापायची एवढी हौस असेल तर आम्हाला तरी बोलवायचं.

पुढे साडीची जर. नाचताना जरीवर दिवा पडतो आणि क्षणभर चमकतो, एखाद्याच चौकटीत. धूळ काढणारी संगणकाची प्रणाली मागची आणि पुढची चौकट बघते. मधल्या एकाच चौकटीत काही उजळ दिसलं की तिच्या हिशेबी तो कचरा. तिनं साडीची जर पुसली. पावसाचे थेंब, चुलीतल्या ठिणग्या, आरशाच्या टिकल्या, सगळं ह्याच नियमानं जातं, जर बसून नजर ठेवणारा माणूस नसेल तर. अडीच तासांच्या चित्रपटात २ लाख १६ हजार चौकटी असतात. एवढ्या बघायला माणूस ठेवायचा म्हणजे पैसे लागतात, यंत्र फुकट बघतं.

आणि चेहरे. फिल्मवरचं चित्र कणांचं बनलेलं असतं. ते कण म्हणजे घाण नव्हे, चित्रच ते. टीव्हीवर ते वळवळतात म्हणून गुळगुळीत करून टाकतात, की माणसं मेणाची होतात. त्या चित्रपटातल्या खलनायकाच्या गालावर देवीचे वण होते. ते गेले. तो आता एखाद्या बँकेचा मॅनेजर दिसतो.

त्याहून मला लागलं ते नायिकेचं गोरं होणं. मूळ प्रिंटमध्ये ती सावळी होती, आणि तो सावळेपणा ह्यांनी किती जपला होता ते मला माहीत आहे. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला जुळवणीसाठी काही चौकटी असायच्या, करड्या रंगाची पट्टी आणि एका बाईचा चेहरा. लॅबच्या भाषेत ती ‘चायना गर्ल’. बाई बहुधा गोरी, युरोपातली. तिची कातडी बरोबर उतरली की मशीन बरोबर. हे नव्या मुलांना सांगायचे, ‘ही मशीनची आई. आपल्या हिरॉइनची नाही. हिच्यावर मशीन लावा, आणि मग आपल्या बाईकडे बघून आकडे द्या.’

असं वाटू नये की मी म्हातारी सगळ्यालाच नावं ठेवते. जून २०२४ च्या पहिल्या तारखेला नातवाबरोबर थिएटरात जाऊन ‘मंथन’ पाहिला. १९७६ सालचा, पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन ह्या जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेनं त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातून घेतली, आवाजाचं मूळ साहित्य नव्हतं म्हणून तो प्रिंटवरून घेतला. मुख्य म्हणजे दिग्दर्शक श्याम बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी दोघेही तेव्हा हयात होते आणि दोघांच्या देखरेखीखाली काम झालं. फरक कळतो हो. स्मिता पाटील सावळी आहे. तिच्या मागची भिंत मातीच्या रंगाची आहे, चॉकलेटी नाही. धुळीची धूळच राहिलीये. उन्हात डोळे बारीक करावेसे वाटतात. मी अंधारात बसून ह्यांना मनात म्हटलं, बघा, विचारलं ह्या लोकांनी.

‘शोले’चं उदाहरण वेगळं आहे. त्याचे छायालेखक द्वारका दिवेचा १९७८ सालीच गेले, त्यांना विचारायची सोयच नाही. मूळ निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमनं, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच कुजण्यानं, पार खराब झालेली, सत्तर एमएमची एकही प्रिंट शिल्लक नाही. शेवटी ब्रिटनमधल्या गोदामात इंटरपॉझिटिव्ह मिळाली आणि त्यावर काम होऊन जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात तो मूळ शेवटासकट दाखवला गेला. त्यात जया भादुरी एकेक दिवा मालवते, खाली अमिताभ बाजा वाजवतोय, तो छोटासा प्रसंग आहे ना, त्याला उजेडाच्या भानगडीपायी वीस दिवस लागले होते. तिन्हीसांजेचा तो दहा-पंधरा मिनिटांचा प्रकाश रोज थोडा थोडा टिपलेला. माझ्यासारखीला तो प्रसंग बघताना बाकी काही दिसत नाही, एवढंच दिसतं की इथे दोन पॉइंट (मशीनचे तेच आकडे) उजळलं तर संध्याकाळ जाईल आणि दोन पॉइंट काळवंडलं तर रात्र होईल. वीस दिवसांची मेहनत दोन पॉइंटवर टांगलेली.

परदेशात काय सगळं आलबेल आहे असं नाही. पण तिथे निदान वाद होतो. लंडनचा १९४८ सालचा ‘द रेड शूज’ टेक्निकलरचा, म्हणजे एकाच दृश्याच्या तीन वेगळ्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह. तिन्ही निरनिराळ्या प्रमाणात आक्रसलेल्या, वर बुरशी. तिन्ही मिळून ५ लाख ७९ हजार चौकटी स्कॅन करून एकमेकींवर बसवल्या आणि २००९ साली फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात दाखवला. ‘द गॉडफादर’ दुरुस्त करताना १९७२ सालची टेक्निकलर पद्धतीची प्रिंट रंगांचा नमुना म्हणून समोर ठेवली आणि छायालेखक गॉर्डन विलिस ह्यांचा सल्ला घेतला. त्या चित्रपटातला काळोख इतका प्रसिद्ध, तरी कुणी तो आपल्या मनानं उजळवला नाही, विचारून केलं. उलट ‘द फ्रेंच कनेक्शन’ची २००९ सालची ब्लू-रे आवृत्ती खुद्द दिग्दर्शकानं नव्या हौसेनं रंग बदलून काढली, तेव्हा त्याचे छायालेखक ओवेन रॉइझमन ह्यांनी जाहीर नाराजी दाखवली आणि २०१२ साली नव्यानं काढावी लागली. दिग्दर्शकालासुद्धा ऐकून घ्यावं लागलं. आपल्याकडे कोण कुणाला विचारणार? निर्माता गेलेला, हक्क तिसऱ्याकडे, त्यानं ते चौथ्याला विकलेले, आणि काम उरकायची तारीख पुढच्या आठवड्याची.

थिएटर आणि घर ह्यांचाही घोळ आहे. अंधाऱ्या थिएटरातल्या प्रोजेक्टरसाठी बसवलेला रंग आणि ट्यूबलाइट लावलेल्या हॉलमधल्या टीव्हीचा रंग वेगवेगळा जुळवावा लागतो. दोनदा बसावं लागतं. ते दोनदा बसणं वाचवायचं म्हणून टीव्हीसाठी एकदाच करतात आणि तेच थिएटरला देतात. टीव्हीवर काळोख कुणाला खपत नाही, प्रेक्षक म्हणतो काही दिसत नाही, म्हणून काळोख उजळवतात. आमच्या बांधावरची रात्र अशीही गेली असेल, अज्ञानानं नसेलही. पण तसं असेल तर मला जास्त राग आहे.

आता मुद्द्याचं. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. सरळ भागाकार केला तर एका चित्रपटाला साडेसोळा लाख. शिवाय खासगी कंपन्या आपापले जुने चित्रपट काढताहेत ते वेगळे. पैसा आलाय, चांगलंच आहे. माझं मागणं पैशाचं नाही. पुनरुज्जीवित म्हणून जो चित्रपट लोकांना दाखवाल, त्याच्या सुरुवातीला एक पाटी द्या. काम कशावरून केलं, मूळ निगेटिव्ह की इंटरपॉझिटिव्ह की प्रिंट, हे लिहा. रंगांसाठी कोणती जुनी प्रिंट समोर ठेवली ते लिहा. नव्हती तर ‘नव्हती’ असं लिहा, त्यात लाज नाही. रंग कुणी पास केले त्या माणसाचं नाव लिहा. चौकट कापली असेल तर तेही. सिगारेट वाईट म्हणून पाटी देताच ना, मग ह्यालाही दोन ओळींची जागा निघेल. नाव लिहायचं म्हटलं की माणूस आपोआप चार ठिकाणी फोन करतो, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. लॅबमध्येसुद्धा जॉइंटच्या डब्यावर सही करावी लागे, तेव्हाच हात सावकाश चालायचा.

आणि स्कॅन झालं म्हणून डबे टाकू नका. स्कॅन ज्या संगणकाच्या टेपवर साठवतात तिचं ऐकते त्यावरून ती काही अमर नाही. नव्या पिढीचं यंत्र फार मागच्या पिढीची टेप वाचत नाही, दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवावं लागतं. एका चित्रपटाचा फोर के स्कॅन दहा टेराबाइटच्या वर जातो, असा नातवानं हिशेब करून दाखवला. एखाद्या वर्षी उतरवायचं राहिलं तर? फिल्म निदान उजेडासमोर धरता येते. हॉलिवूडवाले रंगीत निगेटिव्हवरून तीन काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवत, कारण काळ्या-पांढऱ्याचा रंग उडत नाही. आमच्या लॅबमध्ये एकाही मराठी निर्मात्यानं तशा काढलेल्या मी पाहिल्या नाहीत. कुठून काढणार, पहिल्या कॉपीचे पैसे वितरकाकडून आणताना त्यांच्या नाकी नऊ यायचे. तेव्हा आपल्याजवळ आहे ते एवढंच, निगेटिव्ह, कुठल्यातरी गावात उरलेली एखादी लालसर कॉपी, आणि आमच्यासारखे सांध्यांनी कुरकुरणारे लोक. ग्रेडर, प्रिंटर, कटर, प्रोजेक्शनवाले. बहुतेक जण डोंबिवली, बदलापूर, विरार, नाहीतर गावी. कुणी विचारलं तर रोज दोन तास बोलतील, चहाही देतील.

ह्यांच्या अकरा वह्यांमध्ये साधारण चाळीस चित्रपट आहेत, त्यातले एकोणतीस मराठी. मी यादी करून आपल्या कार्यालयात पत्त्यासह दिली आहे. ती छापायची नाही. पण ह्यातल्या एखाद्या चित्रपटावर कुणी काम करत असेल आणि त्यानं विचारणा केली, तर त्याला माझा पत्ता द्यावा. वह्या घरी बसून बघाव्यात, फोटो काढावेत, न्यायला मिळणार नाहीत. अक्षर किरटं आहे, वाचायला मी मदत करीन. दुपारी चारनंतर यावं.

आपली,
एक निवृत्त निगेटिव्ह कटर,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. पत्र लिहून झाल्यावर वहीच्या शेवटच्या पानात एक पाकीट सापडलं. त्यात त्या बांधावरच्या शॉटच्या प्रिंटचा तुकडा आहे, मोजला, चार फूट, म्हणजे चौसष्ट चौकटी. लॅबमधून असं काही घरी आणायला सक्त बंदी होती, आणि हे मला नियम शिकवायचे. खिडकीशी धरून पाहिला. पार गुलाबी पडलाय, पण काळोख आहे, आणि कंदील तेवढा पांढरा. ज्यांनी तो चित्रपट केला त्यांना हवा असेल तर स्कॅन करायला देईन. तुकडा मात्र परत हवा.